टिकलीची साक्ष

शंभरपैकी एकोणीस. माझ्या मुलीकडे माझं किती लक्ष होतं, त्याचा हा अधिकृत आकडा. माझी नणंद कालिंदीताई, त्यांचे शहाण्णव. माझा नवरा हेरंब त्या दिवशी कारखान्यात होता, त्यामुळे त्याला आकडाच नाही. जो हजर नव्हता त्याचं लक्ष मोजता येत नाही, आणि जे मोजता येत नाही त्याला कायदा नावं ठेवत नाही. म्हणून आमच्या घरात सगळ्यांत स्वच्छ तो.

हे आकडे नाशिकच्या सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आले. माझं चष्म्याचं दुकान आहे. एक जुनं गिऱ्हाईक फ्रेम बदलायला आलं आणि काउंटरवर वाकून म्हणालं, "तुमचंच का हो लक्ष नव्हतं त्या मुलीकडे?" मी हो म्हटलं. मग बाईंनी फ्रेमवर सूट मागितली. मी दिली. वाद घालायची ताकद तेव्हा माझ्यात उरली नव्हती.

जुई साडेचार वर्षांची होती तेव्हाची ही गोष्ट. मे महिना, शाळेला सुट्टी, आणि पोरीनं अस्वलाचा ध्यास घेतलेला. म्हणून मी आणि कालिंदीताई तिला घेऊन 'रानमाये'ला गेलो. कालिंदीताई हेरंबच्या थोरल्या बहीण. लग्न केलं नाही, शाळेत भूगोल शिकवतात, आणि जुईवर त्यांचा जीव आहे.

रानमाया एका खासगी कंपनीचं आहे. ते स्वतःला प्राणिसंग्रहालय म्हणवत नाहीत. पिंजरा हा शब्द तिथे चालत नाही, 'मोकळं दर्शन' म्हणायचं. पूर्वी अशा ठिकाणी दुहेरी कठडे असत, जाळ्या असत, शिट्ट्या फुंकून पोरांना मागे हाकलणारे रखवालदार असत. पालक-अवधान कायदा आला आणि हे सगळं हळूहळू नाहीसं झालं. पालकांचं लक्ष मोजता यायला लागल्यावर कठड्याची उंची मोजत बसतो कोण? आम्हीही खूष होतो म्हणा. फोटो छान येत होते.

दारात एक हसतमुख मुलगी प्रत्येकाचं नाव नोंदवून घेते आणि बायकांना कपाळावर टिकली लावते. पुरुषांना कानामागे गोल पट्टी. टिकली दिसायला अगदी आपली नेहमीची, मरून रंगाची, मध्यम आकाराची. आत काय असतं ते मला इतरांपेक्षा जरा लवकर कळलं, कारण दिवसभर लोकांच्या डोळ्यांशीच माझा धंदा. डोळा ही एक छोटीशी बॅटरी असते. पुढचा पारदर्शक भाग धन, मागचा पडदा ऋण. बुबुळ फिरलं की आजूबाजूच्या कातडीवरचा विद्युतदाब किंचित बदलतो. चक्कर येणाऱ्या रोग्यांची तपासणी डॉक्टर फार पूर्वीपासून याच तत्त्वावर करत आलेत. टिकली तेवढंच करते, फक्त जास्त बारकाईनं.

पण नजर म्हणजे लक्ष नव्हे. डोळे मुलावर आणि मनात उद्याच्या डब्याची भाजी, असं कुठल्या आईचं होत नाही? म्हणून टिकली कपाळामागच्या मेंदूच्या लहरीही वाचते. माणूस खरोखर ध्यान देत असला की संथ लहरी दबतात, मन भटकलं की वर येतात. मुलाच्या मनगटावर एक पट्टी बांधलेली असते, ती त्याचा ठावठिकाणा सांगत राहते. नजर कुठे, मन कुठे, मूल कुठे, याचा मेळ घालून क्षणाक्षणाचा अवधानांक निघतो. टिकली जिवंत कातडीवरच आहे ना, एवढं तपासायला ती नाडीचे ठोकेही टिपून ठेवते. कपाळ कोणाचं हे मात्र ती बघत नाही, कारण शरीरावरून माणसाची ओळख पटवायला कायद्यानं बंदी आहे. दारात जिच्या नावावर दिली, तिची ती.

आत गेल्यावर आधी स्वच्छतागृहात तोंडं धुतली. ऊन असं होतं की डोकं भणभणत होतं. मग जुई पुढे आणि आम्ही मागे, अशी वरात अस्वलाकडे निघाली.

अस्वलाच्या कुरणाला छातीएवढी काच होती, वर झटका देणाऱ्या तारा. काचेच्या खाली हातभर उंच पत्र्याची पट्टी, आणि तिच्यावर हिरव्यागार गवताचं चित्र. कालिंदीताई मागे गाडीवर तिखटमीठ लावलेली कैरी घ्यायला थांबल्या. जुई माझ्यापुढे तीन-चार पावलांवर होती. तिच्या हातून पाण्याची बाटली निसटली आणि घरंगळत पत्र्याखाली गेली. पत्र्याखालची माती वाहून जाऊन तिथे चांगली वीतभर फट पडली होती. जुई खाली बसली आणि तिनं डावा हात आत घातला. मी म्हटलं, "राहू दे गं, दुसरी घेऊ," आणि तिच्याकडे निघाले.

अस्वल पत्र्याच्या पलीकडे सावलीत पडलेलं होतं, अगदी पत्र्याला चिकटून. चितारलेल्या गवतामागे ते कोणालाच दिसत नव्हतं.

कोपराखालचा हात वाचला नाही. याहून जास्त मी सांगणार नाही.

कायदा सोपा होता, निदान तेव्हा तसं वाटलं. पालकाचा अवधानांक चाळीसच्या खाली असेल तर अपघाताला पालक जबाबदार, संस्था मोकळी. शर्वाणी हेरंब कर्वे यांच्या नावची टिकली अपघाताच्या वेळी काय सांगत होती? नजर मुलीच्या विरुद्ध दिशेला, मन तिसरीकडेच. एकोणीस. कालिंदी कर्वे यांच्या नावची टिकली मुलीवरून क्षणभरही ढळली नव्हती.

मी ओरडून सांगितलं की मी बघत होते. सगळ्यांना सांगितलं. रानमायेच्या माणसांना, पोलिसांना, आणि घरात येऊन हेरंबला.

"मशीन कशाला खोटं बोलेल शर्वाणी?" तो म्हणाला. "त्याचं काय वैर आहे तुझ्याशी?"

"आणि माझं काय वैर आहे? मी कशाला खोटं बोलू?"

"तू खोटं बोलतेस असं मी म्हणतच नाहीये. तुला तसं वाटतंय, एवढंच."

समुपदेशक बाईंनी तेच गोड शब्दांत सांगितलं. आघातानंतर स्मृती स्वतःला वाचवायला बघते म्हणे. जे सहन होत नाही त्याच्या जागी ती दुसरं चित्र लावते. मी महिनोन् महिने ते ऐकलं. आणि खरं सांगते, हळूहळू मलाही ते पटायला लागलं. मातीतली फट, जुईची वेणी, तिच्या फ्रॉकची सुटलेली नाडी, हे सगळं मी पाहिलंय की मागाहून रचलंय, हेच मला कळेनासं झालं. स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडालेली चष्मेवाली. हसू नका, मला स्वतःला त्याचं हसू येत नाही.

कायद्याच्या भाषेत मी 'अनवधानी पालक' ठरले. म्हणजे मूल दहा वर्षांचं होईपर्यंत मी त्याच्यासोबत एकटी राहायचं नाही. घरात कायम एक 'सावध पालक' हवा. हेरंबची कारखान्यात पाळी असायची, म्हणून शहाण्णव गुणांच्या कालिंदीताईंनी आपला फ्लॅट बंद केला आणि त्या आमच्याकडे राहायला आल्या. त्यांनी कधी तोरा मिरवला नाही, हे मान्य करायला हवं. पण जुईला अंघोळ त्या घालायच्या, शाळेत त्या सोडायच्या, आणि मी पोळ्या लाटायचे. हात कापलेल्या जागी दुखायला लागलं की पोर "आत्या" म्हणून हाक मारायची. तेव्हा मला कालिंदीताईंचा असा राग यायचा की लाटणं खाली ठेवून मी गॅलरीत जाऊन उभी राहायचे.

एका संध्याकाळी कालिंदीताई शाळेतून आल्या, बेसिनपाशी गेल्या, कपाळावरची टिकली काढून आरशाला चिकटवली आणि साबणानं तोंड धुतलं. माझी टिकली आधीच तिथे चिकटलेली होती. मी टॉवेल घेऊन मागे उभी. तोंड पुसून त्यांनी आरशावरची एक टिकली उचलून कपाळावर दाबली.

"अगंबाई, ही तुझी की माझी?" त्या म्हणाल्या. "जाऊ दे, सगळ्या सारख्याच."

माझ्या हातातला टॉवेल खाली पडला.

साबण लावायच्या आधी टिकली काढून आरशाला लावायची, हे आम्हाला कोणी शिकवलेलं नसतं. आई तसं करते, मावशी तसं करते, आपणही करतो. रानमायेच्या दारात 'टिकली काढू नये' असा फलक होता. तो कोणीतरी पुरुषानं लिहिला असणार. टिकलीवर साबण कोण फासतं?

"ताई," मी म्हटलं, "त्या दिवशी आपण तोंड धुतलं. तिथे आरशावर दोन टिकल्या होत्या."

त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मग हळूच कपाळाला हात लावला, जसा काही तिथे चटका बसला होता. "होत्या," त्या म्हणाल्या. "तू आधी उचललीस. मी राहिलेली लावली." त्या कपड्यांच्या टोपलीवरच बसल्या. "म्हणजे ते एकोणीस माझे?"

"कैरीचे," मी म्हटलं. बोलायला नको होतं, पण बोलले. कित्येक महिन्यांचं साचलेलं होतं.

त्या रडल्या, मीही रडले. पण माझं रडणं निराळं होतं. मी बघत होते! फ्रॉकची नाडी सुटलेली होती, वेणी तशीच होती, सगळं मी खरोखर पाहिलं होतं. मला वेड लागलेलं नव्हतं. जुईचा हात काही परत येणार नव्हता, तरीही त्या रात्री मी पोटभर जेवले, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी कालिंदीताईंनी स्वतःच हेरंबला सांगितलं. तो आधी चिडला, मग म्हणाला, "हे सिद्ध कसं करणार?"

"माझ्या हृदयानं," कालिंदीताई म्हणाल्या. त्यांचा ठोका लहानपणापासून मधूनच चुकतो. त्रास काही नाही, फक्त दर वेळी नवा डॉक्टर घाबरतो. माझ्या नावच्या टिकलीनं टिपलेली नाडी चुकणारी निघाली, की संपलं.

आमच्या वकील रुकसाना तांबोळी. तरुण आणि तडफदार. त्यांनी लवादापुढे अर्ज केला, रानमायेच्या नोंदी मागवल्या, कालिंदीताईंच्या हृदयाचे जुने आलेख जोडले. रानमायेच्या तंत्रज्ञानं दोन्ही रेषा पडद्यावर शेजारी शेजारी लावल्या तेव्हा एक शब्दही बोलायची गरज पडली नाही. चुकलेले ठोके शेंबड्या पोरालाही दिसत होते. कालिंदीताई साक्षीला उभ्या राहिल्या आणि स्वच्छ म्हणाल्या, "माझं लक्ष नव्हतं. मी कैरी घेत होते. शर्वाणी बघत होती."

लवाद म्हणून बसलेले निवृत्त न्यायाधीश म्हणाले, "टिकल्यांची अदलाबदल झाली होती, हे दिसतंय." हेरंबनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. अपघातानंतर पहिल्यांदाच.

मग रानमायेचे वकील उठले. प्रभुदेसाई त्यांचं नाव. पांढऱ्या केसांचे, मृदू बोलणारे, शेजारच्या काकांसारखे.

"ताईंचं मनापासून अभिनंदन," ते म्हणाले. "शहाण्णव! इतकं लक्ष मी आजवर एकाही आईचं पाहिलेलं नाही. आमची काहीच हरकत नाही. फक्त मग कलम नऊ लागू होतं, तेवढं लवादानं बघावं."

तांबोळी मॅडमनी पटापट पानं उलटली. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की काहीतरी बिघडलं.

कलम नऊ असं आहे. पालकाचं अवधान नव्वदच्या वर असताना मूल धोक्याच्या जागी गेलं, तर पालकानं तो धोका पाहून, समजून पत्करला असं मानावं. पोराला कठड्यावर बसवून फोटो काढणाऱ्या आईबापांसाठी ते लिहिलेलं होतं, आत्या-मावशीला ते लागत नव्हतं. तसं ठरलेल्या पालकाला मुलासोबत एका घरात राहता येत नाही.

"ताई," प्रभुदेसाईंनी विचारलं, "मुलगी खाली बसली ते तुम्ही पाहिलंत?"

"हो."

"हात आत घालताना पाहिलंत?"

"हो."

"काय म्हणालात?"

"राहू दे म्हटलं."

"राहू दे," त्यांनी शांतपणे लिहून घेतलं. "धावलात?"

"बाटली उचलणाऱ्या पोरीसाठी कोण धावतं? अस्वल दिसत होतं का कोणाला? तुम्हीच तिथे गवत रंगवून ठेवलंय!"

"म्हणजे तुम्ही बघत राहिलात."

तांबोळी मॅडम ताडकन उठल्या. "अहो, लक्ष नसलं तर ती निष्काळजी, लक्ष असलं तर तिची संमती! मग संस्था जबाबदार होते तरी कधी?"

"चाळीस ते नव्वदच्या मध्ये, मॅडम. कायद्यात स्पष्ट लिहिलंय."

"आणि आजवर असे किती खटले आले?"

"मधले आकडे फारसे येत नाहीत," प्रभुदेसाई म्हणाले. आवाजात खरोखरचं दुःख होतं. "धोक्याच्या क्षणी माणूस एक तर बघतो, नाहीतर बघत नाही."

म्हणजे माझं लक्ष अर्धवट असतं तर मी जिंकले असते. डोळे जुईवर आणि मनात थोडी भाजी, थोडं दुकान, एवढं जमलं असतं तर रानमायेला दोषी धरलं असतं. आई म्हणून मी जरा जास्तच मन लावलं, तिथे चुकलं.

मी न विचारता उभी राहिले. "साहेब, पत्र्याखालची माती आदला पावसाळाभर वाहत होती. ती कोणीच पाहिली नाही. त्यांच्या लक्षाचा आकडा किती?"

न्यायाधीशांनी चष्मा काढला. काच माझ्याच दुकानात बसवल्यासारखी चांगली होती. "संस्थेचा अवधानांक काढायची तरतूद कायद्यात नाही," ते म्हणाले. "निकाल मी अजून लिहिलेला नाही. अर्ज मागे घेतलात तर जुनी नोंद जशीच्या तशी राहील. जेवणाच्या सुट्टीनंतर सांगा."

व्हरांड्यात हेरंब म्हणाला, "मागे घे."

"आता तरी पटलं ना तुला, मी बघत होते ते?"

"पटलं गं. चुकलं माझं. पण मागे घे."

कालिंदीताई भिंतीला टेकून रडत होत्या. मी त्यांना गप्प केलं नाही. तांबोळी मॅडम म्हणाल्या की उच्च न्यायालयात जाता येईल, कलमच रद्द करून घेता येईल, पण वर्षं लागतील, आणि तोवर जुई हेरंबकडे आणि मी दुसऱ्या घरात. "आणखी एक लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या. "तुम्ही माघार घेतलीत तरी समुपदेशक दर महिन्याला मुलीशी बोलणार. आई बघत होती असं मुलगी सारखं म्हणायला लागली, तर प्रभुदेसाई गप्प बसणार नाहीत. फाइल पुन्हा उघडायला तेवढं पुरतं."

मी विचार केला असं म्हणवत नाही. विचार करण्यासारखं त्यांनी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. सुट्टीनंतर आत गेले आणि लवादासमोर म्हणाले, "माझं लक्ष नव्हतं." प्रभुदेसाईंनी दारापर्यंत सोबत केली आणि लेकीला आशीर्वाद सांगा म्हणाले.

समुपदेशक बाई यायच्या आदल्या दिवशी जुई ओट्याजवळ जमिनीवर बसून चित्र काढत होती. एका हातानं रंगवताना कागद सरकतो, म्हणून मी शेजारी बसून तो दाबून धरला होता. कालिंदीताई आमटीला फोडणी देत होत्या.

"आई," जुई मान वर न करता म्हणाली, "अवनी म्हणते, तुझ्या आईचं लक्ष नव्हतं म्हणून तुझा हात गेला. मी तिला सांगितलं की ती खोटारडी आहे. तू बघत होतीस. मला दिसत होतीस तू."

ओट्यापाशी पळीचा आवाज थांबला.

साऱ्या जगात माझा एकच साक्षीदार होता आणि तो माझ्यासमोर बसून हत्तीला निळा रंग देत होता. तिला छातीशी धरून सांगावंसं वाटलं, हो गं राणी, मी बघत होते, तुझ्यावरून नजर हलवली नव्हती मी. उद्या ती तेच बाईंना सांगणार होती, आणि परवा माझी बॅग भरली गेली असती.

"नाही गं, जुई," मी म्हटलं. "अवनी खरं बोलते. माझं लक्ष नव्हतं."

तिचा हात थांबला. तिनं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, मी थट्टा करतेय का ते बघायला. मी नजर हलू दिली नाही.

"मग कोण बघत होतं?"

"आत्या," मी म्हटलं. "आत्या बघत होती."

कालिंदीताईंनी गॅस बंद केला. त्या वळल्या नाहीत.  जुईनं माझ्या तळव्याखालून कागद ओढून काढला, खडूंचा डबा काखेत धरला आणि उठून ओट्यापाशी गेली.

"आत्या," ती म्हणाली, "तू धर कागद."